मुलांच्या हाडातला संसर्ग : पुढचा धोका आधी कळतो का?

मुलाच्या हाडात जंतुसंसर्ग झाल्याचं कळलं, की पालक विचारतात, 'डॉक्टर, पाय पुढे नीट राहील ना?' पूर्वी याचं उत्तर 'बघू या' एवढंच असायचं. आता ते थोडं नेमकं देता येतं.

हा प्रश्न आताच का?

कारण उपचार छोटे होत आहेत. पूर्वी कित्येक आठवडे शिरेतून औषध दिलं जाई. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या अभ्यासात, चांगला प्रतिसाद देणाऱ्या मुलांना 20 दिवसांचा कोर्स 30 दिवसांइतकाच उपयोगी ठरला. अमेरिकेतल्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनीही साध्या आजारासाठी तीन ते चार आठवडे पुरेसे मानले. पण मग आजार कोणाचा साधा आणि धोका कोणाला, हे लवकर ओळखावं लागतं.

अंदाज कशावरून?

2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी यासाठी दोन गुणपद्धती मांडल्या : एक तातडीच्या गुंतागुंतीसाठी, दुसरी दीर्घकाळ राहणाऱ्या त्रासासाठी. त्यांतल्या दोन खुणा लक्षात ठेवा.

- अँटिबायोटिक सुरू केल्यावर दोन ते चार दिवसांनीही रक्तातलं सीआरपी 100 मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा जास्त असणं.
- संसर्ग एकाहून अधिक ठिकाणी, उदाहरणार्थ दुसऱ्या हाडात किंवा फुप्फुसात पसरणं.

दोन दिवसांनंतरही ताप न उतरणं, हाडात पू साठणं किंवा शेजारच्या सांध्यात पू होणं, यांनीही डॉक्टर सावध होतात. म्हणजे पहिल्या रिपोर्टइतकाच नंतरचा रिपोर्ट महत्त्वाचा. तुलना करताना एकक जरूर पाहा. काही लॅब डेसिलिटरमध्ये आकडा देतात, तिथे 10 म्हणजेच 100.

गुण कमी, म्हणजे काळजी मिटली?

नाही. गुण म्हणजे निकाल नव्हे. दीड वर्षाखालच्या बाळांत संसर्ग हाडाच्या वाढीच्या भागातून सांध्यापर्यंत सहज पोहोचतो. त्या भागाला इजा झाली, तर पाय आखूड किंवा वाकडा होणं काही महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतं. त्यामुळे मूल पळायला लागलं तरी सांगितलेली तपासणी चुकवू नका आणि औषध मध्येच बंद करू नका.

पालकांच्या हातात काय?

वेळ. 'पडला असेल, मुरगळलं असेल' म्हणून तेल लावून चोळण्यात मोलाचे दिवस जातात. सुरुवातीचे दहा-बारा दिवस एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. शंका असेल तर एमआरआय लागतो. ताप आहे आणि मूल लंगडतंय, पाय टेकवत नाही किंवा बाळ एक हात-पाय हलवत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

उपचार सुरू झाल्यावर एक प्रश्न नक्की विचारा : 'सीआरपी पुन्हा कधी तपासायचं?'