मूळपेशींच्या नावावर केसांचा धंदा

कारखान्याचे गाव म्हटले की उसाचे बिल हाती पडताच विक्रेते दारात उभे राहतात. श्रीपूरला हे नवे नाही. अलीकडे त्यांत टकलावर केस उगवून देणाऱ्यांची भर पडली आहे. मोबाइलवर ‘मूळपेशींचा उपचार’ अशा जाहिराती झळकतात आणि गिऱ्हाईक पाठवणाऱ्या सलूनवाल्यास दलालीही मिळते, असे ऐकतो. लग्नाच्या वयाची मुले त्यासाठी उसनवारी करू लागली आहेत. तेव्हा या मालाची हकीकत वाचकांपुढे मांडणे आम्हास जरूरीचे वाटते.

यामागचे संशोधन खोटे नाही. आज जे केसरोपण होते त्यात नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागचा केस काढून पुढे लावतात. मागचे भांडवल संपले की कामही थांबते. केसाच्या मुळाशी मूठभर पेशी असतात, त्या भोवतीच्या कातडीला केस बनवण्याचा हुकूम देतात. त्या बाहेर वाढवता आल्या तर भांडवलच वाढेल, हा सारा हिशेब. 1999 साली ब्रिटनमध्ये कॉलिन जहोडा यांच्या डोक्यावरून काढलेले मुळाजवळचे पेशीजाल एका स्त्रीच्या हातावर बसवले, तेथे केस उगवले. परंतु त्या पेशी वाढवलेल्या नव्हत्या. सपाट बशीत वाढवल्या की त्या आपला हुकूमच विसरतात. घोडे अडले आहे ते येथे. 2013 साली पेशींचे छोटे गोळे करून वाढवल्यावर ती शक्ती काही अंशी परत आली, तीही उंदरांवर लावलेल्या मानवी कातडीत. जपानात शिसेदो कंपनीच्या सहभागाने 50 पुरुष व 15 स्त्रियांवर चाचणी झाली. 2020 साली तिचे निष्कर्ष छापून आले. केसांची घनता वाढली, पण बेताचीच. टक्कल भरून निघाले नाही.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूळपेशी रोपण मान्य केले. बाकी वापर परवानगी घेतलेल्या चाचणीपुरताच. मग दुकानात विकले जाते ते काय? पुष्कळदा रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून निघालेला बिंबाणूंचा द्रव. काहींना त्याचा थोडा गुण येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण बिंबाणू म्हणजे मूळपेशी नव्हेत. पितळ पितळ म्हणून विकावे, त्याला कोणाची हरकत नाही.

सलूनचालक बंधूंना आमचे सांगणे वेगळे आहे. तुमच्या खुर्चीवरचा माणूस डोके तुमच्या हाती देतो तो भरवशाने, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक एका दलालीपायी घालवणे हा व्यापारही नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली केसरोपणाबाबत सूचना काढून ते काम रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचेच ठरवले आहे.

आणि ज्यांना जायचेच आहे त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. केस गळण्याची कारणे अनेक असतात. पुढे कोणी मूळपेशींचे नाव घेतलेच, तर कोणत्या पेशी, कोठून काढणार, परवानगी कोणाची, हे पावतीवर लिहून मागावे. लिहून देण्यास जो कां-कूं करील, त्याच्याकडे बयाणा ठेवू नये.