नॅनोचा हिशेब अपुरा

‘स्वस्त गाडी म्हणजे पैसे पाण्यात’ हे गेल्या अंकातील पत्र पटले नाही. २००९ साली सुमारे लाखाच्या किमतीत आलेल्या टाटा नॅनोचे मोल एक्स्प्रेसवेवर का ठरवायचे? लांबी जेमतेम ३.१ मीटर; डोंबिवलीच्या फडके रोडवर, शिळफाट्याच्या कोंडीत ६२४ सीसीचे इंजिन पुरून उरते. सुरुवातीच्या मॉडेलला एसी नव्हता, डिकी बाहेरून उघडत नव्हती, तेही चालवून घेता येते. पण पत्रलेखकाने मुख्य गोष्टच सोडली: २०१४ च्या ग्लोबल एनकॅप सुरक्षा चाचणीत तिला शून्य तारे मिळाले आणि एअरबॅग तर नव्हतीच. जुनी नॅनो घेणाऱ्याने आधी हे पाहावे. घोडबंदर रोडवर ट्रेलरांच्या रांगेत मुलाबाळांना घेऊन मी ती मुळीच काढणार नाही.
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)