पहिले रीळ साधेच घ्या

अजमेरमध्ये नावाने सागर असलेला आनासागर आहे, पण तो गोड्या पाण्याचा तलाव. त्यामुळे मी मालवणकडचा आहे हे कळले की समुद्राविषयीचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. या महिन्यात तिघांनी एकच प्रश्न विचारला. एक जण सुट्टीत रत्नागिरीला जाणार आहे आणि दोघांचे वडील विशाखापट्टणमला पोस्टिंगवर आहेत. "गरवायला जायचे आहे, रीळ कोणते घेऊ?"

माझे उत्तर ऐकून तिघेही हिरमुसले. माझे मत असे, की पहिले रीळ मध्यम आकाराचे घ्यावे, त्यावर साधा नायलॉनचा तंगूस भरावा आणि मोठ्या, महाग सामानाकडे पहिले वर्षभर पाहूही नये. मी याच्या बरोबर उलट केले होते, म्हणून हे सांगतो आहे.

गेल्या मे महिन्यात पप्पांची आणि माझी सुट्टी दोन वर्षांनी एकत्र आली. पप्पांनी रीळ निवडायचे काम माझ्यावर सोपवले. मी व्हिडिओ पाहून 8000 आकाराचे रीळ आणि 40 पौंडांची ब्रेड घेतली. ब्रेड म्हणजे बारीक धागे वेणीसारखे विणून केलेली दोरी. 40 पौंड म्हणजे 18 किलो. आमच्या पुळणीवर लागते ती वीतभर मुडदुशी आणि नशीब असेल तर खडपावर एखादी तांबोशी!

पहिल्या संध्याकाळी त्या जड रिळाने हात भरून आले. दुसऱ्या संध्याकाळी सैल गुंडाळलेल्या ब्रेडचा गुंता झाला आणि पप्पा अंधार पडेपर्यंत टॉर्च धरून बसले. तिसऱ्या दिवशी तांबोशी लागली, पण दोरी कालवांच्या धारेवर घासून तुटली. चौथ्या दिवशी अडकलेला गळ सोडवताना मी ब्रेड हाताने ओढली आणि बोट कापले. पप्पांची सुट्टी तिथेच संपली. शेजारी उकिडवे बसलेले आबा बाटलीला गुंडाळलेल्या तंगुसाने रोज दोन मासे काढत होते.

ब्रेड वाईट नाही. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती बरीच बारीक असते, म्हणून लांब जाते. ती जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून माशाने आमिषाला तोंड लावलेले लगेच हाताला कळते. पण शिकाऊ हाताला हेच गुण नडतात. तंगूस ताणला जातो, त्यामुळे मासा लागल्यावर आपण घाईने दिलेला झटका तो सोसतो. खडकाला घासला तरी ब्रेडपेक्षा जास्त टिकतो, गाठ सहज बसते, गुंता सुटतो आणि स्वस्तही असतो. उन्हाने तो कमजोर होतो हे खरे, म्हणून दरवर्षी नवा भरावा.

रीळ स्पिनिंग पद्धतीचे घ्यावे. त्यात फेकताना स्पूल फिरत नाही, फक्त दोरी सुटत जाते. बेटकास्टर प्रकारात स्पूलच फिरते. अंगठ्याने ते वेळेवर रोखले नाही तर दोरीचे घरटे होते. किनाऱ्यावरून गरवायला बहुतेक कंपन्यांचे 3000 ते 4000 आकाराचे रीळ पुरते. त्यावर 12 ते 15 पौंडांचा तंगूस स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरावा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा. 15 पौंड म्हणजे 6.8 किलो, तेव्हा ड्रॅग सव्वादोन किलोच्या आसपास. फिजिक्स लॅबमधल्यासारखा स्प्रिंग बॅलन्स दोरीला लावून हे मोजता येते.

आमचे काही सीनियर म्हणतात, "एकदाच घ्यायचे, उत्तम घ्यायचे." रायफलच्या बाबतीत ते मला पटते, कारण ती शिकवायला उस्ताद असतात. समुद्रावर शिकाऊ माणूस बहुधा एकटाच शिकतो. त्याच्या चुका झेलणारे सामान त्याच्यासाठी उत्तम.

सामान कितीही साधे असो, निगा मात्र चुकवू नये. फायरिंगनंतर पुलथ्रू मारल्याशिवाय आपण रायफल कोतात जमा करत नाही. रिळाचेही तसेच आहे. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली गोड्या पाण्याने धुवावे, पुसून सावलीत वाळवावे, दोरी जिथून वळते त्या रोलरला तेलाचा एक थेंब द्यावा आणि ड्रॅग सैल करून ठेवावा. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा. तो पाण्यात कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या गळ्यात अडकतो.

हे मला उशिरा कळले. दुसऱ्या दिवशी शाळेला निघायचे म्हणून मी रीळ न धुताच पिशवीत कोंबले होते. दिवाळीत काढले तर हँडल फिरेना, आत मीठ धरले होते. त्या संध्याकाळी पप्पांनी फोनवर विचारले, "रीळ कसे आहे?" मी म्हणालो, "चांगले आहे." रात्री झोप लागली नाही. सकाळी मीच फोन करून खरे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आता लहान घेऊ. आणि धुवायला मला शिकव."

रीळ गेल्याचे मला फारसे वाटत नाही. पप्पांच्या सुट्टीतल्या चार संध्याकाळी गुंता सोडवण्यात आणि बोटाला पट्टी बांधण्यात गेल्या, त्याचे वाटते. म्हणून मित्रांनो, साधे घ्या. यंदा 4000 चे रीळ आणि 15 पौंडांचा तंगूस घ्यायचे ठरले आहे. पप्पांची रजा तेवढी मंजूर व्हायची आहे.