दार आधी, चहा नंतर

परदेशवारी करून आलेल्या माणसाला भेटायला गेलं की नायगारा धबधबा तिसऱ्या नंबरावर येतो. पहिला नंबर इमिग्रेशनच्या रांगेचा आणि दुसरा विमानातल्या ‘त्या बाई’चा. “काय उद्धट हो! पाणी मागितलं तर अशी बघितली माझ्याकडे, जसा काही मी तिचा फ्लॅटच मागितला.” मग जमलेल्यांत कुठल्या कंपनीच्या मुली हसतात आणि कुठल्या हसत नाहीत यावर छोटीशी परिषद भरते. विमान वेळेवर उतरलं का, पायलटने धावपट्टीवर कसं टेकवलं, हे कुणी विचारत नाही. मार्क मिळतात ते हसण्याला.

ही सवय आपल्याला विमान कंपन्यांनीच लावली. 1946 मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी एअर इंडियाचा महाराजा जन्माला घातला. पागोटं, मिशा, कमरेत वाकलेला. विमानाचं इंजिन किती ताकदीचं आहे हे सांगण्यापेक्षा राजा तुमच्यापुढे झुकतो हे सांगणं सोपं होतं, आणि ते खपलंही. जे. आर. डी. टाटा स्वतः प्रवास करताना बारीकसारीक टिपणं काढत. जिनिव्हाहून विमानात चढणारा चहा रंगाने कॉफीपासून वेगळा ओळखू येत नाही, अशी त्यांची एक तक्रार प्रसिद्धच आहे. त्या काळच्या सेवेच्या आठवणी काढून आज उसासे टाकणारे पुष्कळ भेटतात. पण तेव्हा विमानात बसणारी माणसं मूठभर होती, आणि तिकिटाची किंमत ऐकून बाकीच्यांनी विमान गच्चीवरूनच पाहिलं. उसासे टाकणाऱ्यांतलेही बरेचसे गच्चीवरच होते.

आता आजचं गणित मांडू. पुणे-दिल्ली विमान. आसनं 180, केबिन क्रू चार. आपल्याकडचा नियम दर पन्नास आसनांमागे एक क्रू असा आहे. हा आकडा चहा वाटायला किती माणसं लागतील यावरून ठरलेला नाही. आग लागली तर विमान रिकामं करायला किमान किती लागतील, हा त्यामागचा हिशेब. नव्या विमानाला प्रमाणपत्र मिळतं तेच मुळी निम्मी दारं बंद आहेत असं धरून, भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं करता येतं हे दाखवल्यावर. पण कंपन्यांनी काय केलं, तर सुरक्षेसाठी जी किमान संख्या आहे तीच सेवेसाठीही पुरेशी धरली. उड्डाण दोन तासांचं. वर चढणं, खाली उतरणं आणि मधले हादरे वजा करून पट्टे सोडायची परवानगी असते ती जेमतेम सव्वा-दीड तास. ट्रॉल्या दोन, म्हणजे एका ट्रॉलीला नव्वद गिऱ्हाइकं. माणशी फार तर एक मिनिट येतं. त्या मिनिटात आपण विचारणार, काय काय आहे? ती सांगणार. मग उपमा ताजा आहे का? (तो डब्यात गरम पाणी ओतून आपल्या डोळ्यांदेखतच होणार असतो.) शेजारचे गृहस्थ आधी नको म्हणणार, मग आपला उपमा पाहून मलाही एक म्हणणार, आणि पाचशेची नोट पुढे करणार. सुट्टे नसतात. कार्डाचं मशीन फिरत राहतं. तेवढ्यात मागून एकाला बाथरूमला जायचं असतं आणि अख्खी ट्रॉली चार रांगा मागे न्यावी लागते. एवढं झाल्यावर सोळाव्या रांगेत पोचलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्या रांगेतलं हसू शिल्लक असावं, ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते.

त्यात जागा कसली? उडत्या विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून, तेही 1646 मीटरच आहे, बरंच वर. तिथे हवा कोरडी ठणठणीत, इंजिनाचा घोंघाट अखंड. जिभेला गोड-खारट नीट लागत नाही आणि पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, त्यामुळे चहाही मनासारखा उतरत नाही. “जेवणाला काही चव नव्हती” हे आपण क्रूला ऐकवतो. त्यातली निम्मी तक्रार आकाशाकडे करायला हवी. आपण त्या हवेत बसून असतो. ती मुलं-मुली तिथे दिवसातून तीन-चार उड्डाणं उभ्याने काढतात.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी काही वर्षं या नोकरीत होती. पहाटेच्या विमानासाठी तिला न्यायला गाडी रात्री दोनला यायची आणि वॉचमनकाकांना रोज नव्याने संशय यायचा. तिला मी एकदा विचारलं, की दारात उभं राहून दीडशे-पावणेदोनशे माणसांना नमस्कार करायचा कंटाळा येत नाही का? ती हसली. “काका, तो नमस्कार नसतोच. आम्ही माणसं बघत असतो. कोण प्यायलंय, कोणाला बरं नाही, कोण घाबरलंय. कोण धडधाकट आहे, वेळ आली तर दार उघडायला कुणाला हाताशी घेता येईल. आमचं काम दार आधी, चहा नंतर.” विमान सुटताना क्रू आपल्याकडे तोंड करून घडीच्या खुर्चीवर बसतो आणि त्यांचे चेहरे एकदम कोरे होतात. त्याला आपण शिष्टपणा म्हणतो. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी मनातल्या मनात उजळणी करायची असते: माझं दार कुठलं, ते कसं उघडतं, बाहेर आग दिसली तर काय, कोणत्या आज्ञा ओरडायच्या. हे ऐकल्यापासून मला सुटणाऱ्या विमानातला हसरा क्रूच जास्त खटकतो.

वेळ आल्यावर काय होतं त्याच्या दोन गोष्टी सांगतो. 3 ऑगस्ट 2016 ला तिरुवनंतपुरमहून निघालेलं एमिरेट्सचं विमान दुबईला उतरताना धावपट्टीवर आपटलं आणि पेटलं. आत 300 माणसं, प्रवाशांत बहुसंख्य आपले भारतीय. क्रू ओरडून सांगत होता, सामान सोडा आणि उड्या मारा. त्या धुरातला व्हिडिओ नंतर जगाने पाहिला: लोक वरचे कप्पे उघडत होते, बॅगा ओढत होते, लॅपटॉपची आठवण करत होते. विमानातली सगळी माणसं वाचली, विझवायला गेलेला अग्निशामक दलाचा एक जवान मात्र गेला. दुसरी गोष्ट टोकियोच्या हानेदा विमानतळावरची, 2 जानेवारी 2024 ची. जपान एअरलाइन्सचं विमान उतरता उतरता तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण दगावले. मोठ्या विमानात 379 माणसं होती, बाहेर आगीचा लोळ, आतली उद्घोषणेची यंत्रणा बंद पडलेली. क्रूने हातातले भोंगे घेतले, कोणत्या दारांबाहेर आग नाही ते पाहिलं आणि आठपैकी तीनच दारांतून सगळ्यांना बाहेर काढलं. लोकांनी बॅगा सोडल्या. विमान जळून कोळसा झालं, पण त्यातला एकही माणूस गेला नाही. यातल्या कोणत्या विमानात चहा चांगला होता, हे मला माहीत करून घ्यायचं नाही.

आणि काही वेळा यातलं काहीच करायला अवधी मिळत नाही. 12 जून 2025 ला अहमदाबादच्या विमान अपघातात प्रवाशांबरोबर दहा केबिन क्रूही गेले. त्यांतली काही घरं आपल्या डोंबिवलीतली, बदलापुरातली, पिंपरी-चिंचवडमधली होती.

या नोकरीकडे कंपन्यांनी कोणत्या नजरेने पाहिलं ते कोर्टाच्या कागदांत नोंदलेलं आहे. एअर इंडियाचा नियम होता: हवाईसुंदरीने पस्तिशीला निवृत्त व्हायचं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी जायचं, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी घरी. तेच काम करणारे पुरुष मात्र 58 पर्यंत. नर्गेश मिर्झा खटल्यात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र हात लावला नाही. म्हणजे आपत्तीत दार उघडणाऱ्या बाईची पात्रता तिच्या कपाळावरून आणि पोटावरून ठरत होती. 1983 मध्ये आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाईसुंदरींचा अभ्यास करून ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हसू हेही श्रमच आहेत. कंपनी ते विकते, आणि हसणारीला दिवसअखेर आपलं स्वतःचं हसू कुठलं ते शोधावं लागतं. आपल्याकडे 2022 मध्ये आलेल्या अकासा एअरने क्रूला पँट आणि स्नीकर्स दिले, तेव्हा काही जणांनी ‘शोभा गेली’ म्हणून नाकं मुरडली. विमानात पळायची वेळ आली तर शोभा कुठे घालून पळायचं?

इथवर मी क्रूची वकिली केली. पण एक गोष्ट मला पटत नाही आणि तिला ट्रॉलीचं गणित लावता येत नाही. परदेशातून मुंबईला येणाऱ्या एका विमानात माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर जोडपं होतं. मुलीचं बाळंतपण उरकून परतत असावेत. व्हीलचेअर घेतलेली, पायांसाठी नव्हे, तर अनोळखी विमानतळावर कुणीतरी हाताला धरून योग्य दारापर्यंत न्यावं म्हणून. ही युक्ती आता घरोघरी ठाऊक आहे. जेवण आलं. आजींनी “अंडं नको, बिनअंड्याचं” असं सांगितलं. वाढणाऱ्या मुलीने इंग्रजीतला प्रश्न परत विचारला, फक्त मोठ्या आवाजात. आजी गोंधळल्या. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आणखी मोठ्याने आला आणि आजोबांनी जे ताट मिळालं ते निमूट घेतलं. पलीकडच्या खिडकीशी एक गोरा तरुण होता. त्याच्याशी बोलताना तीच मुलगी गुडघ्यांवर बसली, नजरेला नजर देऊन, हळू आवाजात. कंपनी आपलीच, मुलगी आपलीच, तिकीट दोघांचं सारख्याच वर्गाचं. तिला मराठी येत नसेल, ठीक आहे. मागच्या गॅलीत, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरात, कुणाला तरी येत होतं. मी विचारलं, तर एक पोरगा धावत आला आणि दोन मिनिटांत ताट बदललं गेलं. म्हणजे सोय होती. ती वापरावीशी वाटली नाही. पाणी उशिरा आलं तर मी कंपनीला दोष देईन, पण माणसाची किंमत त्याच्या इंग्रजीवरून करणं हा त्या त्या माणसाचाच दोष आहे आणि प्रशिक्षणात तो घासूनपुसून काढायला हवा.

आता आपल्या बाजूचं. चुटकी वाजवून “ए” करणारे सद्गृहस्थ प्रत्येक उड्डाणात एक तरी असतात. 2017 मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी पुण्याहून दिल्लीला पोचल्यावर बिझनेस क्लास मिळाला नाही म्हणून एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं आणि ते कॅमेऱ्यासमोर सांगितलंही. त्याच वर्षी सप्टेंबरात उपद्रवी प्रवाशांसाठी नियम आले: शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, हात उगारला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान दोन वर्षं. डिसेंबर 2022 मध्ये इस्तंबूल-दिल्ली उड्डाणातला एक व्हिडिओ फिरला. जेवणावरून वाद झाला होता, क्रूमधली एकजण रडत होती, आणि दुसरीने प्रवाशाला ठणकावलं की मी कंपनीची कर्मचारी आहे, तुमची नोकर नाही. अनेकांना तो उद्धटपणा वाटला. मला ते वाक्य प्रत्येक तिकिटाच्या मागे छापावंसं वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी तक्रार करायची असेल तर जरूर करा, पण ती योग्य पत्त्यावर जाऊ द्या. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण दोन तास किंवा त्याहून जास्त रखडलं तर खाणं-पिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. ते आलं नाही तर गॅलीतल्या मुलीवर आवाज चढवून ते येणार नाही. केंद्र सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, तिथे उड्डाण क्रमांक आणि आसन क्रमांक घालून लिहा. कुणी आजी-आजोबांना तुच्छतेने वागवलं असेल तर तेही तिथेच लिहा, स्पष्ट लिहा. आणि सेवा मंद होती असं वाटलं तर “कर्मचारी उद्धट होती” एवढं लिहून थांबू नका. “या विमानात माणसं कमी होती, वाढवा” असं लिहा.