बर्फ घातला म्हणून मासळी शिळी होत नाही



बंदीचे ६१ दिवस संपत आले. १ ऑगस्ट जवळ आला. तेरेखोलपासून मोरजीपर्यंत कुठेही जा, कुणी जाळं शिवतोय, कुणी होडीला रंग काढतोय, कुणी इंजिन खोलून बसलाय. या तयारीत एक वस्तू मात्र दरवर्षी राहून जाते आणि तिच्यापायी आपण वर्षभर पैसे घालवत असतो. ती म्हणजे बर्फाची पेटी.

लगेच कुणीतरी म्हणेल, "आमची होडी पहाटे जाते, सकाळी परत येते. आम्हाला कसला बर्फ? तो ट्रॉलरवाल्यांना." बाजारात गिऱ्हाईकही हेच म्हणतं, "बाये, बर्फांतलें नाका गो, ताजें दी." बर्फातली म्हणजे शिळी, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की पाटीत बर्फ असला तरी बायका तो लपवतात. आम्हाला विचाराल तर होडीवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने केलं आहे, आणि ती आपणच मोडली पाहिजे.

समजूत आली कुठून तेही बघू. कित्येक दिवसांची मासळी बाहेरून बर्फात भरून येते. लोकांनी बर्फ आणि जुनी मासळी कायम एकत्र बघितली आणि दोष बर्फाला दिला. पण मासळी जुनी होते ती दिवसांनी आणि खराब होते ती उष्णतेने. बर्फ असतो म्हणून तर ती तेवढे दिवस टिकते. ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात राहून येतो तरी त्याची मासळी विकली जाते, कारण ती पकडल्या पकडल्या बर्फात जाते. आपली मासळी असते तीन तासांची. पण हे तीन तास ती उन्हात, होडीच्या तळाशी, नाहीतर वाळूवर पडून असते. मग दुपारी बाजारात दोन्ही शेजारी ठेवल्या तर आपल्या मासळीत वेगळं काय उरतं? ताजेपणा हीच आपली एकमेव जमेची बाजू, आणि तीच आपण किनाऱ्यावर सांडून येतो.

थोडा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा ४० किलो बांगडा लागला. सकाळी किलोला १५० रुपये मिळाले आणि २० किलो जागेवरच गेला. उरलेला २० किलो घरची बाई पाटीत घालून म्हापशाला किंवा थेट डिचोलीला घेऊन गेली. डिचोलीला समुद्र नाही, तिथे किनाऱ्याच्या मासळीला मागणी असते. पण पोचेपर्यंत अकरा वाजले. बांगड्याचे डोळे बसले, पोट मऊ पडलं. गिऱ्हाईकाने भाव ८० वर आणला. म्हणजे ३,००० चे झाले १,६००. एका दिवसात १,४०० रुपये गेले. हा खड्डा होडीच्या हिशेबात दिसत नाही. तो पडतो विकणाऱ्या बाईच्या पदरात, आणि घरी आल्यावर तिलाच ऐकावं लागतं की तुला विकता येत नाही. आता ४० किलो बर्फाला किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे. ते या १,४०० शी ताडून बघा.

दुसरा मुद्दा जिवाचा आहे. बांगडा, सुरमईसारखी मासळी उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामीन नावाचा पदार्थ तयार होतो. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. तळून किंवा शिजवून तो जात नाही. एकदा तयार झाल्यावर बर्फात ठेवूनही जात नाही. म्हणून बर्फ पहिल्यापासून हवा. "दुपारी विकली नाही तर मग घालू" असं म्हणून चालत नाही.

फॉर्मेलिनचा गोंधळ कुणी विसरलं नसेल. जुलै २०१८ मध्ये, ऐन बंदीत, मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली आणि सरकारने परराज्यातून येणारी मासळी काही दिवस बंद केली. भीती अशी बसली की लोकांनी मासळीच खायची सोडली. गिऱ्हाईकाचा विश्वास किती पातळ असतो ते तेव्हा कळलं. ज्याच्याकडे बर्फ आहे त्याला असल्या औषधाची गरजच पडत नाही. तेव्हा पाटीतला बर्फ लपवू नका, उघडा दाखवा. गिऱ्हाईकाला सांगा, "आज पहाटेची आहे, पकडली तेव्हापासून बर्फात आहे. कान उघडून बघ." कान लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं तर मांस परत वर येणारं. ही परीक्षा आपली मासळी पास होते.

आता प्रश्न उरतो खर्चाचा. इंधनाचे पैसे आधी काढून मग वाटे पाडतात, हे सगळ्यांना मान्य आहे. बर्फाचेही तसेच काढा. बर्फ मालकाच्या एकट्याच्या अंगावर टाकला तर तो घेणार नाही. विकणाऱ्या बाईवर टाकला तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. भाव वाढला तर सगळ्यांच्या वाट्यात येतो, म्हणून खर्चही सगळ्यांचा. आमच्या मते यंदा तांडेल आणि मालकांनी हे पहिल्या फेरीच्या आधीच ठरवून टाकावं.

करायचं काय, ते थोडक्यात:

१. आपल्या हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हे माप धरा. १० किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच साधारण ३ किलो बर्फ विरघळतो. बाकीचा बर्फ तिला थंड ठेवण्यासाठी लागतो.

२. बर्फ बारीक फोडून घाला. मोठे तुकडे मासळीला दुखवतात आणि थंडावा सगळीकडे पोचत नाही. खाली बर्फ, मग मासळी, वर परत बर्फ.

३. विरघळलेलं पाणी निघून जाईल अशी सोय ठेवा. रक्ताच्या पाण्यात भिजलेली मासळी लवकर वास मारते.

४. होडीत जागा कमी असेल तर झाकणाच्या पिंपात बर्फ आणि स्वच्छ समुद्राचं पाणी घ्या. तारले, बांगडे त्यात झटकन थंड होतात. पाणी बाहेर समुद्रातच भरा, जेटीजवळचं डिझेल मिसळलेलं पाणी नको.

५. सुंगटांना तर अजिबात ऊन लागू देऊ नका. डोकी काळी पडली की भाव पडलाच.

६. पिण्याच्या पाण्याचाच बर्फ घ्या आणि पेटी रोज धुवा. मासळीवर पाय देऊ नका, पेट्या आपटू नका.

ही माहिती नदीतल्या मासेमारीलाही लागू आहे. नार्वे, मयेच्या बाजूला जे शेवटे, काळुंदर पकडतात, त्यांनीही पिशवीऐवजी छोटी पेटी न्यावी.

पेटीसाठी मदतही आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह सायकल, मोटरसायकल, तीनचाकी अशा गोष्टींना अनुदान ठेवलं होतं. सर्वसाधारण सभासदाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या कशासाठी अर्ज घेतात ते मत्स्योद्योग खात्यात विचारून या. विकणाऱ्या बाईच्या नावाने अर्ज केला तर अनुदान जास्त, आणि पेटीही तिच्याच हाती राहील. तोवर थर्माकोलची साधी पेटी आणि वर ओलं गोणपाट, एवढ्यानेही फरक पडतो.

शेवटचं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. हरमल, मांद्रे, मोरजीची हॉटेलं आपल्या दारात आहेत. तरीही त्यांची मासळी बाहेरून का येते म्हणून आपण कुरकुरतो. त्यातली काही कुरकुर खरी आहे. पण खरेदी करणारा माणूस पेटी उघडतो, मासळीला हात लावतो आणि थंड नसेल तर झाकण लावून टाकतो. त्याला आपलं गाव कळत नाही, थंडावा कळतो. त्याच्या दारात उभं राहायचं तर आपल्या पेटीत बर्फ हवा.

जाळ्यावर आपण हजारो रुपये घालतो, कारण जाळं मासळी पकडतं. पकडलेल्या मासळीचा भाव पकडून ठेवतो तो बर्फ. यंदा पहिल्या फेरीला जाळ्याबरोबर पेटीही होडीत चढवा. आठवडाभर करून बघा, घरच्या बाईला विचारा विक्री कशी झाली, आणि तिचा आकडा इथे लिहा. आम्हीही आमचा लिहू.

दर्या सगळ्यांना भरभरून देवो.