शाबीत नाही म्हणजे निर्दोष नव्हे

परवा एका घरगुती कार्यात जेवणं उरकल्यावर नेहमीची बैठक जमली. पेपरात विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूच्या खटल्यात नवरा सुटल्याची बातमी होती. काकांनी पेपराची घडी घालत निकाल देऊन टाकला, "निर्दोष सुटला. म्हणजे पोरीच्या आईबापांनी उगीचच गुंतवलं होतं." त्यावर चुलत बहीण तितक्याच ठामपणे म्हणाली, "पैसे चारले असतील, दुसरं काय!"

मला दोघांचंही पटलं नाही. तेवढ्यात पान-सुपारी आली आणि विषय बदलला, म्हणून इथे लिहितोय. काका हे वाचणार आणि रागावणार. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

सगळा घोळ एका शब्दाचा आहे. आपल्या पेपरांत प्रत्येक सुटकेला 'निर्दोष मुक्तता' म्हणायची पद्धत आहे. पण 1872 च्या पुरावा कायद्यातल्या तिसऱ्या कलमात वस्तुस्थितीच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या. शाबीत, नाशाबीत, आणि तिसरी 'शाबीत न झालेली', म्हणजे धड खरीही ठरली नाही आणि धड खोटीही ठरली नाही. 1 जुलै 2024 पासून नवीन साक्ष्य अधिनियम आला, त्यातही या तिन्ही व्याख्या तशाच आहेत. खुनाच्या खटल्यात आरोपी सुटतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या खोलीतून. आपण मात्र बाहेर उभे राहून त्याला दुसऱ्या खोलीतून आला असं समजतो आणि हार घालतो. नाहीतर दगड मारतो.

स्कॉटलंडमध्ये 'शाबीत नाही' असा वेगळा निकालच होता. 1857 साली ग्लासगोच्या मॅडलिन स्मिथवर प्रियकराला आर्सेनिक दिल्याचा खटला झाला, त्यात खुनाच्या आरोपावर ज्यूरीने हाच निकाल दिला. या निकालाने आरोपीच्या अंगावरचा डाग जात नाही आणि मृताच्या घरच्यांचंही समाधान होत नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. शेवटी 2025 मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द करणारा कायदा केला. मला ते योग्यच वाटतं. निकाल दोनच असावेत. फक्त त्यातल्या दुसऱ्याचा अर्थ काय, हे आपल्याला कळायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याचं. मंजुश्री सारडा 11 जून 1982 च्या रात्री पोटॅशियम सायनाइडने गेली. लग्नाला चार महिने झाले होते. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयासमोर होती. ती पुराव्यात घेतली गेली, पण त्यांतून खून एवढाच अर्थ निघत नाही, आत्महत्येची शक्यता उरते, असं न्यायालय म्हणालं. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण असावी लागते याच्या पाच कसोट्या त्या निकालात आहेत. देशभर खुनाच्या खटल्यांत आजही आरोपीचा वकील 'सारडा' म्हणतो तो हाच निकाल.

त्या काळात पुण्यात बायका रस्त्यावर उतरल्या, नारी समता मंचाचं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव फिरलं. तो संताप खरा होता. त्यांचं एक म्हणणं मला आजही खोडता येत नाही, की ती मारली गेली असो की तिने स्वतः विष घेतलं असो, चार महिन्यांत एक हसती मुलगी तिथवर कशी आली? 'खून शाबीत नाही' या निकालात या प्रश्नाचं उत्तर नसतं. फौजदारी न्यायालयाला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

कायदे नंतर बदलले, हेही सांगायला हवं. 498अ 1983 मध्ये आलं, हुंडाबळीचं 304ब 1986 मध्ये. लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ एवढं दाखवलं की पुढचं आरोपीने सांगायचं. आता ते न्याय संहितेचं कलम 80 आहे. 2006 मध्ये त्रिमुख मारोती किरकन खटल्यात माहेरी 'साप चावला' म्हणून कळवलं होतं आणि शवविच्छेदनात गळा दाबलेला निघाला. चार भिंतींच्या आत मृत्यू झाला तर घरातल्यांनी समाधानकारक खुलासा दिला पाहिजे, असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. तेव्हा 'कायदा बाईच्या बाजूने नाही' हे आता अर्धवट खरं आहे.

मग संशयाचा फायदा देणंच बंद करा, असंही म्हणतात. त्यांनी आरुषी प्रकरण आठवावं. मे 2008 मध्ये नोएडात चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी घरात मेलेली सापडली. पोलिसांचा संशय नोकर हेमराजवर, आणि त्याचा मृतदेह दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर! त्याआधी घरात गर्दी फिरून गेली होती. 2013 मध्ये आईवडील दोषी, 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून सुटका. आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून त्या आईच्या चेहऱ्यावरून निकाल लावले होते. पुराव्याची पट्टी खाली आणायची म्हणजे हेच टीव्हीवालं शहाणपण न्यायालयात बसवायचं.

आता माझं सांगतो. ते टाळून हे लिहिणं खोटेपणाचं होईल.

बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त एका तालुक्याच्या गावी होतो. आमच्या वाड्यातली एक सून जळून गेली. 'स्टोव्हचा भडका' असं सगळे म्हणत होते. हवालदाराने मला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पंच म्हणून बोलावलं. मी ओसरीतच उभा राहिलो, आत जायचं धैर्य झालं नाही. स्वयंपाकघरात माणसं येत-जात होती, कोणीतरी फरशी पुसूनही घेतली होती. थोड्या वेळाने लिहिलेले कागद पुढे आले, मी न वाचता सह्या केल्या. चार वर्षांनी उलटतपासात वकिलाने विचारलं, "स्टोव्हमध्ये रॉकेल किती होतं?" मी म्हणालो, "मी आत गेलो नव्हतो." खरं तेच बोललो. पंचनामा तिथेच कोसळला. बाकीचा पुरावाही लंगडाच होता, आरोपी सुटले. पायऱ्यांवर तिचे वडील उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान फिरवली.

मी खुन्याला सोडवलं की निरपराध माणसाला वाचवलं, मला आजही माहीत नाही. न्यायाधीशांनाही माहीत नसणार. कारण जे कळू शकलं असतं ते त्या दुपारीच फडक्याने पुसलं गेलं होतं. न्यायाधीशांनी चार वर्षांनी फक्त पुसलेली फरशी पाहिली.

म्हणून काका, 'शाबीत नाही' हा निकाल बरेचदा आरोपीपेक्षा तपासावरचा असतो. आणि ताई, त्यामागे दर वेळी पैसाच असतो असं नाही. माझ्यासारखा पापभीरू पंचही पुरतो.

आपला राग निकालाच्या दिवशी उफाळतो. तो पहिल्या दिवशी यायला हवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, चित्रीकरण करायचं, अशी तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तरतूद चांगलीच आहे. पण ती सुरू होते गुन्ह्याची खबर मिळाल्यावर. आपल्याकडे अशा बाईची पहिली नोंद बहुतेक वेळा 'अकस्मात मृत्यू' अशी होते. तिचा देह डॉक्टरांकडे जातो, तिचं स्वयंपाकघर कोणाकडेच जात नाही. माहेरचे येऊन तक्रार करेपर्यंत तिथे पुन्हा स्वयंपाक सुरू झालेला असतो. सात वर्षांच्या आतल्या अशा प्रत्येक मृत्यूत, नोंद काहीही असो, ते चित्रीकरण पहिल्या काही तासांत सक्तीचं करा, एवढी साधी मागणी आहे. मोर्चा काढायचा तर यासाठी काढावा.

आणि आपण? शेजारी असं काही घडलं तर फरशी पुसू देऊ नका. पंच म्हणून बोलावलं तर आत जा, डोळे उघडे ठेवा, कागद वाचा, चुकीचं लिहिलं असेल तर सही करू नका. सुटलेल्याला खुनी म्हणू नका. आणि गेलेल्या मुलीच्या आईबापांना, कृपा करून, खोटारडे म्हणू नका.

काका, पुढच्या पंगतीला भेटू. तेव्हा भांडा.