सलाईनच्या आधी

"डॉक्टर, पोटात काही ठरत नाही, एक सलाईन लावा ना." ही मागणी आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात रोजची आहे. गेल्या हिवाळ्यात पस्तिशीची एक बाई सासूबाईंबरोबर आली. तीन आठवडे उलट्या, अंगात त्राण नाही. सासूबाई म्हणाल्या, "गॅसवर दूध ठेवून विसरते, विचारलं तर रडत बसते." कुणीतरी डिप्रेशनची गोळी सुरू केली होती. मी डेक्स्ट्रोज लिहून दिलं, सिस्टरने बाटली टांगली. सासूबाई बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी वजनाचं ऑपरेशन केलंय. घरी हर्नियाचं सांगितलंय." मी तिच्या डोळ्यांसमोर बोट धरून बाजूला नेलं. नजर कडेला पोचली की बुबुळं थरथरत होती.

बाटली उतरवली, आधी थायमिन दिलं आणि तिला रुग्णालयात पाठवलं. ती सावरली, पण वळताना अजून भिंतीला हात लावते.

थायमिनचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ग्लुकोज जाळायला थायमिनच लागतं, त्यामुळे नुसतं डेक्स्ट्रोज चढवलं तर उरलासुरला साठाही संपतो. थायमिन संपल्यावर होणारा हा वेर्निकेचा आजार आपण दारूच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पण १८८१ साली कार्ल वेर्निकेने वर्णन केलेल्या तीन रुग्णांत एक तरुण शिवणकाम करणारी होती. सल्फ्युरिक आम्ल प्यायल्याने तिच्या जठराचं तोंड आकसलं होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. म्हणजे पोटाचा रुग्ण या आजारात पहिल्या दिवसापासून आहे. गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं आणि तोल जाणं ही तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. रिपोर्टची वाट बघू नये. नुसती शंका आली तरी २०० ते ५०० मिलिग्रॅम थायमिन शिरेतून, दिवसातून तीनदा द्यावं, आणि तेही रुग्णालयात.

बी-१२ चं दुखणं सावकाश येतं. वजनाचं ऑपरेशन स्लीव्ह असो वा बायपास, अन्नातलं बी-१२ सोडवणारं आम्ल आणि ते शोषायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर दोन्ही तुटपुंजे पडतात. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, असं पाठ्यपुस्तक सांगतं. पण आपल्याकडे मुळात तो साठा असतो का? डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळलं होतं. त्यात शाकाहार, वर्षानुवर्षांचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी धरा. चिडचिड, विसर, 'कशात मन लागत नाही' अशा तक्रारी येतात तोवर सर्जनकडच्या फेऱ्या बंद झालेल्या असतात आणि रुग्ण आपल्यासमोर बसलेला असतो. फॉलिक ॲसिड चालू असेल तर हिमोग्लोबिन चांगलं दिसतं आणि नसा मात्र खराब होत राहतात. म्हणून ट्यूनिंग फोर्क खणातून काढा आणि पायाच्या अंगठ्याला लावा.

तरी प्रत्येक उदासी व्हिटॅमिनच्या कमतरतेची नसते. कॅनडातल्या ओंटारिओत वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग आधीच्या तीन वर्षांच्या सुमारे दीडपट झाले होते. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. मानसिक आजाराच्या गोळ्यांचं, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं, शोषणही बदलू शकतं. रुग्ण 'जगावंसं वाटत नाही' म्हणाला तर बी-१२ चं इंजेक्शन आणि मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी एकाच दिवशी द्यावी. रिपोर्ट येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

'पोटाचं किंवा वजनाचं कुठलं ऑपरेशन झालंय का?' हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायला हवा. वजनाची लाज आपल्या समाजात खोल आहे, आणि ऑपरेशनची त्याहून जास्त.

सर्जन मित्रांकडे एक मागणी आहे. डिस्चार्ज कार्डावर 'मल्टिव्हिटॅमिन, रोज एक' एवढ्याने आमचं भागत नाही. कुठली शस्त्रक्रिया केली, कुठली व्हिटॅमिन जन्मभर घ्यायची, कुठल्या तपासण्या किती महिन्यांनी करायच्या, हे फॅमिली डॉक्टरसाठी वेगळं लिहा. आणि 'उलट्या होत असतील तर सलाईनच्या आधी थायमिन' ही ओळ रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत, ठळक अक्षरांत छापा.